एकाच जंगलात इतके सरडे मावतात कसे? एल युंकेचं रान आणि आपला सह्याद्री

शेवाळ :

कीटकांच्या धाग्यावर मी पोर्तो रिकोच्या सरड्यांचा ओझरता उल्लेख केला, तेव्हा दोघातिघांनी 'सविस्तर लिहा' म्हणून सांगितलं. तिथे आधीच अवांतर फार झालंय, म्हणून हा वेगळा धागा.

पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून जरासंच मोठं. त्याच्या पूर्व टोकाला लुकियो नावाची डोंगररांग आहे. सर्वांत उंच माथा हजार मीटरच्या थोडा वर. अटलांटिकवरून येणारे वारे बारा महिने या डोंगरांना धडकतात आणि माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पाडतात. तिथलं हे एल युंकेचं जंगल. खालच्या उतारावर ताबोनुकोचे उंच वृक्ष, त्यांच्या वर पालो कोलोरादो आणि पामची झाडं, अगदी माथ्यावर ढगात भिजलेलं खुरटं रान.

या बेटावर आज मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. उंदीर बाहेरून आलेले. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला १९व्या शतकात आणलेलं मुंगूस तर मूळचं आपल्याकडचंच. त्यामुळे कीटक खाण्याचं जे काम इतरत्र पक्षी आणि छोटे सस्तन प्राणी करतात, त्यातला मोठा वाटा इथे दिवसा अनोल सरड्यांकडे आणि रात्री कोकी बेडकांकडे आहे.

अनोल सडसडीत, दिवसा फिरणारे. पालीसारखे त्यांच्या बोटांखाली पट्टे असतात, त्यामुळे गुळगुळीत पानावरही चिकटून राहता येतं. नर गळ्याखालचा रंगीत पडदा उघडून एकमेकांना दटावतात. एल युंकेत एका ठिकाणी उभं राहून नीट पाहिलं तर यांच्या पाच-सहा जाती सापडतील, पण सगळ्या एका नजरेच्या पातळीवर नाहीत.

खोडाच्या खालच्या भागात, जमिनीकडे तोंड करून बसलेला तपकिरी, निळ्या डोळ्यांचा तो अनोलिस गुंडलाची. गर्द सावली त्याची. त्याच खोडावर वरच्या अंगाला आणि ओढ्यातल्या मोठ्या धोंड्यांवर हिरवागार एव्हरमनी. त्याच्याही वर, झाडांच्या शेंड्यांत, राखाडी ठिपकेदार छोटा स्ट्रॅट्युलस. झुडपांत आणि गवतात क्रुगी. शेंड्यांतच क्वचित दिसणारा क्युव्हिएरी, जो शेपटी सोडून १२-१३ सेंटिमीटर भरतो आणि वेळ आली तर दुसऱ्या सरड्यांनाही गिळतो. आणि बारीक काटक्यांवर चार सेंटिमीटरचा ऑकल्टस. हा काटकीशी इतका एकरूप होतो की विज्ञानाने त्याची नोंद घेतली ती थेट १९६५ मध्ये, तीही अशा बेटावर जिथे निसर्ग अभ्यासकांची वर्दळ शंभर वर्षांहून जुनी.

स्टॅनली रँड यांनी १९६४ मध्ये या सरड्यांची बसण्याची जागा तीन गोष्टींनी मोजली : जमिनीपासून उंची, फांदीची जाडी, ऊन की सावली. इतक्या साध्या मोजमापांवर जाती वेगळ्या ओळखता आल्या, म्हणजे त्यांनी जागेची वाटणी केलेली दिसली. पुढे अर्नेस्ट विल्यम्स यांनी दाखवलं की क्युबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि पोर्तो रिको या चारही मोठ्या बेटांवर खोडाचे, शेंड्याचे, काटकीचे असे ठरावीक साचे पुन्हा पुन्हा दिसतात. १९९८ मध्ये जनुकीय तुलनेतून कळलं की हे बहुतांशी प्रत्येक बेटावर स्वतंत्रपणे घडलंय. क्युबातला काटकीवरचा सरडा पोर्तो रिकोच्या काटकीवाल्याचा जवळचा नातलग नाही. दोघे नुसते एकसारखे दिसतात.

शरीराचं गणितही सरळ आहे. रुंद खोडावर लांब पाय वेगात धावतात. बारीक काटकीवर तेच लांब पाय घसरतात, तिथे आखूड पायांनी हळूहळू सरकणं बरं.

माझं म्हणणं एवढंच, की 'एल युंकेत सरड्यांच्या इतक्या जाती आहेत' हे वाक्य अर्धवट आहे. कुठे बसतात ते सांगितल्याशिवाय नुसत्या यादीला काही अर्थ नाही. आपल्याकडच्या जंगलांच्या याद्या वाचताना मला हेच खटकतं. आंबोलीत अमुक जाती, कोयनेत तमुक जाती. पण किती उंचीवर? कुठल्या फांदीवर?

मीरा_व :

सुंदर लेख. म्हणजे चाळीसारखंच की! तळमजल्यावर गुंडलाची बिऱ्हाड करून, वरच्या मजल्यावर एव्हरमनी.

शेवाळ :

मीराताई, उपमा गोड आहे, पण चाळीतले मजले हलत नाहीत. इथले हलतात. झाड पडून वरून ऊन आत आलं की खालची सावलीतली जागा गुंडलाचीच्या कामाची राहत नाही. उंचीपेक्षा ऊन मोठं. त्याबद्दल लिहायचं राहिलंच होतं, रात्री लिहितो.

चिकित्सक_काका :

माहिती रंजक आहे, पण एक प्रश्न. 'वाटणी' या शब्दात आपण गृहीत धरतो की एकाने दुसऱ्याला ढकललं. कशावरून? प्रत्येकाला आपापलं तापमान आवडतं आणि तो तिथे जाऊन बसतो, एवढंही पुरेसं असेल. शेजारी काढून टाकला तरी तो तिथेच बसेल. शेजाऱ्याला उगाच दोष कशाला?

कुळागरकर :

काकांना अनुमोदन, आणि गोव्याकडून एक भर. आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) पोफळीच्या खोडावर उडता सरडा (ड्रॅको) असतो. पंखासारखी कातडी उघडून एका पोफळीवरून दुसरीवर जातो. त्याचं खाणं मुख्यतः मुंग्या. वईवर नेहमीचा सरडा, पालापाचोळ्यात सापसुरळी, मागच्या पडवीत पाल. यांच्यात भांडण झालेलं मला कधी दिसलं नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ते आमच्याकडे अक्षरशः खरं आहे, तो वई सोडून पोफळीत जात नाही.

शेवाळ :

काका, तुमचा प्रश्न बरोबर आहे, आणि तो निव्वळ निरीक्षणाने सुटत नाही. एक जण काढून बघायला लागतो.

एल युंकेच्याच जंगलात हे केलं गेलं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही तुकड्यांतून गुंडलाची उचलून बाहेर नेले. तिथे एव्हरमनीची संख्या वाढली, शेजारच्या न छेडलेल्या तुकड्यांत तशी वाढली नाही. म्हणजे शेजारी काही प्रमाणात अडवत होताच.

दुसरं उदाहरण फ्लोरिडातलं. तिथला मूळचा हिरवा अनोल पूर्वी खोडावर खालपासून वरपर्यंत असायचा. क्युबा-बहामातून तपकिरी अनोल आला. १९९५ मध्ये संशोधकांनी खाडीतल्या काही छोट्या बेटांवर मुद्दाम तपकिरी अनोल सोडले आणि काही बेटं तशीच ठेवली. काही महिन्यांत हिरवे वर चढले. १५ वर्षांनी, म्हणजे साधारण २० पिढ्यांनी, त्या बेटांवरच्या हिरव्यांच्या बोटांखालचे पट्टे मोठे झालेले दिसले. अंड्यांतून निघालेली पिल्लं एकाच ठिकाणी, एकाच परिस्थितीत वाढवली, तरी फरक टिकला. तो नुसता सवयीतला असता तर तिथे पुसला गेला असता.

भांडण दिसत नाही म्हणून स्पर्धा नाही, असं होत नाही. कुळागरकर, तुमच्या यादीत मात्र स्पर्धा खरंच कमी असेल, कारण ते चौघे नात्याने आणि खाण्याने एकमेकांपासून फार लांबचे आहेत. मुंग्या वेचणारा ड्रॅको आणि पाचोळ्यातली सापसुरळी कशावरून भांडणार? एल युंकेत सगळे एकाच घराण्यातले, जवळपास सारखंच खाणारे. तिथे तंटा जास्त.

सेंट मार्टिन आणि सेंट युस्टेशियस या शेजारच्या बेटांवर पाकाला आणि रफगार्डन यांनी १९८२ मध्ये हेच दाखवलं. पहिल्या बेटावर दोन जाती आकाराने जवळजवळ सारख्या, तिथे चुरस कडक. दुसऱ्या बेटावर एक बराच मोठा, एक छोटा, तिथे एकमेकांचा फारसा उपद्रव नाही.

चिकित्सक_काका :

फ्लोरिडाचं पटलं. एल युंकेच्या प्रयोगात 'काही प्रमाणात' हे तुमचेच शब्द आहेत, ते लक्षात ठेवतो. तापमानाचं मात्र तुम्ही अजून लिहिलेलं नाही.

शेवाळ :

हे घ्या.

गुंडलाची उन्हात बसत नाही. जंगलातली हवा जेवढी, तेवढं त्याचं अंग. ऊन शोधायला तो वणवण करत नाही. त्याचा भाऊबंद क्रिस्टाटेलस बेटाच्या सखल, उघड्या भागात राहतो आणि तिथे उन्हात शेकून अंग तापवतो. पण तोच क्रिस्टाटेलस दाट झाडीत असला की शेकणं सोडून देतो. रेमंड ह्यूई यांनी १९७४ मध्ये याचं कारण मांडलं : झाडीत उन्हाचे तुकडे लांबलांब असतात, तिथपर्यंत जाण्यायेण्यात वेळ आणि ताकद जाते, वर शत्रूची नजर. ऊब परवडत नसेल तर थंड राहिलेलं बरं. सरडा म्हणजे उन्हावर चालणारं यंत्र, ही आपली समजूत तिथे मोडते.

आता डोंगराचा उतार यात घाला. खाली क्रिस्टाटेलस, वर गुंडलाची, मध्ये रस्त्याच्या कडा आणि झाडं तोडलेले तुकडे. या उघड्या जागांवरून क्रिस्टाटेलस वर शिरतो. गुंडलाचीला सावलीची सवय, त्यामुळे हवा तापली किंवा झाडी विरळ झाली की त्याला दोन्हीकडून फटका : अंगाला सोसत नाही आणि ऊन सोसणारा शेजारी दारात. ह्यूई आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लिहिलं की उष्ण कटिबंधातले सावलीतले सरडे तापमानवाढीत सर्वांत नाजूक ठरतील, ते याच कारणाने. वाळवंटातल्या सरड्याला निदान सावलीत जाता येतं. हा आधीपासूनच सावलीत आहे.

म्हणून काका, 'तापमान की स्पर्धा' असा निवाडाच मला जरा खोटा वाटतो. तापमान ठरवतं की कुठे कोण जोरात आहे, आणि मग स्पर्धेचा निकाल तसा लागतो.

पुस्तकी_किडा :

मूळ धाग्यावर ज्या शोधनिबंधावरून वाद झाला तो याच जंगलातला ना? लिस्टर आणि गार्सिया, २०१८. १९७० च्या दशकातले आकडे आणि २०११-१३ चे आकडे ताडून त्यांनी सांगितलं की कीटकांचं एकूण वजन १० ते ६० पटींनी घटलं, सरडेही कमी झाले, जंगलाचं कमाल तापमान दोन अंशांनी वाढलं. जगभर बातम्या झाल्या. तुम्ही इथे त्याचं नावही काढलं नाही, हे मुद्दाम का?

शेवाळ :

मुद्दाम. त्या निबंधावर पुढच्याच वर्षी तिथेच वर्षानुवर्षं काम करणाऱ्या लोकांनी आक्षेप घेतले. तापमान मोजण्याच्या पद्धतीत मध्येच बदल झाला होता, त्यामुळे ती वाढ खरी की उपकरणाची, हा एक. दुसरा मला जास्त वजनदार वाटतो : दोन टोकांच्या मध्ये १९८९ चं ह्यूगो वादळ आहे. वादळाने सपाट झालेलं आणि पुन्हा उगवत असलेलं जंगल जुन्या जंगलाशी ताडलं तर त्यातला किती फरक उष्णतेचा आणि किती वादळाचा, हे दोन बिंदूंवरून सांगता येत नाही. लिस्टर-गार्सियांनी उत्तर दिलंय, वाद मिटलेला नाही. मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला झुकतो. काळजी करू नका असं मी म्हणत नाही, फक्त '६० पट' हा आकडा व्हॉट्सॲपवर फिरवू नका एवढंच म्हणतो.

मीरा_व :

वादळात हे सरडे जातात कुठे? उडून जात असतील बिचारे.

शेवाळ :

काही मरतातच. पण ह्यूगोनंतर डग्लस रेगन यांनी जे पाहिलं ते मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडतं.

वादळाच्या आधी त्यांनी जंगलात मनोऱ्यावर चढून शेंड्यांतले सरडे मोजले होते. जमिनीवरून मोजताना स्ट्रॅट्युलस किरकोळ वाटायचा. वरून मोजला तर हेक्टरी २० हजारांहून जास्त निघाला! जंगलातला सर्वांत विपुल सरडा, आणि खालून मान वर करून बघणाऱ्यांना तो दुर्मीळ वाटत होता.

१८ सप्टेंबर १९८९ ला ह्यूगोने पानंच ओरबाडून नेली. शेंडे उरले नाहीत. स्ट्रॅट्युलस खाली आला, पडलेल्या फांद्यांच्या ढिगांत माणसाच्या उंचीवर दिसू लागला. कारण शेंड्यातली उन्हं आणि बारीक फांद्या, त्याला लागणारं सगळंच आता जमिनीवर आलं होतं. पुढे झाडांना पालवी फुटली, छत पुन्हा बंद होत गेलं, तसा तो वर गेला. मी मजल्यांची उपमा नाकारली ती यासाठी. तो कधीच 'वीस मीटरवर राहणारा' सरडा नव्हता.

सडेकर :

साताऱ्याहून. जंगल नाही पण विषयाला धरून आहे, चालेल ना? चाळकेवाडीच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) पवनचक्क्या आहेत. तिथे गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पडदा असलेला सरडा (सराडा सुपर्बा) मिळतो, २०१६ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास सांगतो की पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, आणि सरडे जास्त. तिथल्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी, माणूस बराच जवळ येईपर्यंत पळत नाहीत. पण अंगाने रोडावलेले आणि पडद्याचे रंग फिके.

तेव्हा तुमच्या ऊन-उंची-जाडीच्या यादीत चौथी गोष्ट घाला : वरून कोण बघतंय.

शेवाळ :

घातली. रोडावलेले का, तर गर्दी वाढली आणि खाणं तेवढंच, असा अंदाज बांधता येतो. म्हणजे शत्रू गेला की शेजारी जड होतो. एल युंकेत पक्षी, साप, क्युव्हिएरी आणि मोठे कोळीसुद्धा अनोल खातात, पण त्यांना काढून बघणं सोपं नाही. चाळकेवाडीत पवनचक्क्यांनी ते आयतं करून दिलं.

शत्रूंवरून आठवलं. सेंट मार्टिनवर सरड्यांना त्यांचा स्वतःचा मलेरिया होतो. तिथला जोरदार सरडा (जिंजिव्हिनस) त्याने आजारी पडतो, दुबळ्या वॉट्सीला तो क्वचितच होतो. जोस शॉल यांना १९९२ मध्ये आढळलं की वॉट्सी तिथेच टिकून आहे जिथे जिंजिव्हिनसला मलेरिया आहे. एल युंकेतल्या गुंडलाचीतही हा परजीवी भरपूर आहे.

मीरा_व :

अरे बापरे! आपल्याला होतो का तो?

शेवाळ :

नाही, सरड्यांचा परजीवी वेगळा, माणसाला लागत नाही.

कुन्नूरवासी :

मराठी माणूस, सध्या निलगिरीत. डोंगरमाथ्यावर अडकलेल्या सरड्याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सालिया. निलगिरीच्या शोला रानात (उंचावरच्या घळींतलं खुरटं सदाहरित रान) आणि आजूबाजूच्या झुडपांत सालिया हॉर्सफिल्डी, पलीकडे अनामलाईत अनामलायाना. मधली पालघाटची खिंड दोघांनाही ओलांडता येत नाही, खाली गरम आहे. धागाकर्त्यांनी गुंडलाचीबद्दल लिहिलं ते वाचताना हेच डोळ्यांपुढे होतं. यांना तर वर सरकायलाही फार जागा नाही, अनाईमुडी २,६९५ मीटरवर संपते. उत्तरेकडे, महाराष्ट्रात, सालिया नाहीच.

कुळागरकर :

महाराष्ट्र-गोव्यात दाट रानातला सरडा म्हणजे मोनिलेसॉरस रूक्सी, पूर्वी कॅलोटिसमध्ये धरायचे, २०१८ मध्ये वेगळा काढला. तो सावलीतल्या खोडावर आणि नेहमीचा सरडा उघड्यावर. हे अगदी गुंडलाची-क्रिस्टाटेलस वाटतंय हो. आणि रस्ते रुंद झाले की नेहमीचा सरडा आत येतो, हेही.

शेवाळ :

वाटतंय खरं, पण 'वाटतंय' इथेच थांबू या. सावलीतला आणि उन्हातला एवढं साम्य दिसतं. एकाने दुसऱ्याला अडवलं आहे का, हे कोणी एकाला हलवून बघेपर्यंत बोलायला नको. चिकित्सक काका हसत असतील.

आणि पाली विसरू नका. सह्याद्रीत दिवसा फिरणाऱ्या छोट्या नेमास्पिस पाली आहेत, बोटं बारीक, चिकटपट्टे रुंद नाहीत. दाजीपूरची कोल्हापुरेन्सिस २००९ मध्ये, कासची गिरी २०१४ मध्ये, आंबोलीची पिवळ्या पोटाची २०१६ मध्ये नोंदली गेली. एकेक जात एकेका छोट्या टापूतली. या पाली खडकांच्या कपारीत आणि खोडांच्या बुंध्याशी आहेत, म्हणजे रूक्सीच्या पायाखाली. त्यांचं एकमेकांशी काय चालतं हा कोणाच्या तरी पीएचडीचा विषय आहे.

चिकित्सक_काका :

हसत नाही, वाचतोय. पण तुम्ही याद्यांवर टीका केली आहे, तर सामान्य माणसाने नोंद करायची कशी ते सांगा. नाहीतर ही नुसती तक्रार राहील.

शेवाळ :

रास्त. सरडा पहिल्यांदा दिसला त्या क्षणी तो जिथे होता ती जागा लिहायची, पळून जिथे गेला ती नाही. उंची : गुडघा, कंबर, डोकं, डोक्याच्या वर किती. खोडाची जाडी : बोट, मनगट, मांडी, कवेत न मावणारं. ऊन, सावली की कवडसा. वेळ आणि आकाश ढगाळ की निरभ्र. तोंड वर की खाली. फोटो असेल तर उत्तम, पण फोटोसाठी हुसकू नका. आणि सरडा नाही दिसला तर तेही लिहा, किती वेळ बघितलं यासकट.

पावसाळ्यात तुमच्याकडच्या नोंदी फार मोलाच्या ठरतील. एल युंकेत पाऊस बारा महिने विभागून पडतो. आंबोलीत सात हजार मिलिमीटर चार महिन्यांत ओततो आणि मग कोरडं. एकच जात जूनमध्ये आणि मार्चमध्ये वेगळ्या उंचीवर मिळाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

कुळागरकर :

मी रात्री बॅटरी घेऊन बघेन. झोपलेले सरडे काटकीच्या टोकाला असतात, उजेडात पोट पांढरं चमकतं, दिवसापेक्षा पटकन सापडतात. चालेल का?

शेवाळ :

चालेल, फक्त ती नोंद वेगळ्या रकान्यात टाका. झोपायची जागा आणि बसायची जागा एक नसते. अनोलही रात्री पानांवर आणि काटक्यांच्या टोकांवर झोपायला जातात.

सडेकर :

आणि गमबूट घाला, कुळागरकर. पोफळीत सरडे शोधताना नजर वर असते आणि घोणस खाली.

कुळागरकर :

घालतो हो. रकाने आखून कोणी एक्सेल टाकेल का इथे? माझ्याकडे कागदच आहे.